घर नंतर, आधी वस्ती

शिक्षण संपवून किंवा पहिली नोकरी सोडून अनोळखी शहरात निघालेल्या तरुण वाचकांची बरीच पत्रे अलीकडे या सदराकडे आली आहेत. त्यांतील बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: ज्या शहरातले रस्तेही ठाऊक नाहीत, तिथे राहायचा भाग कसा निवडायचा? शहरे निराळी असली तरी पेच सारखेच असल्याने शहरांची नावे बाजूला ठेवून सहा पत्रांना येथे एकत्र उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी चोवीस वर्षांची संगणक अभियंता असून पुढील महिन्यात नव्या शहरात रुजू होणार आहे. आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात जावे लागेल. कार्यालयापासून वीस मिनिटांवर एक लहानशी खोली मिळते आहे, पण तिचे भाडे पगाराच्या ३८ टक्के आहे. शहराच्या कडेला ऐसपैस, हवेशीर दोन खोल्या पगाराच्या २५ टक्क्यांत मिळतात. मात्र तिथून कार्यालय गाठायला सव्वा तास लागतो. भाडे ३० टक्क्यांच्या पुढे जाता कामा नये, असे घरच्यांचे म्हणणे आहे. मी कोणती जागा घ्यावी?

उत्तर : घरच्यांचा सल्ला काळजीपोटी आहे, पण तो अपुरा आहे. अमेरिकेत सरकारी घरांत राहणाऱ्या अल्प उत्पन्न कुटुंबांकडून किती भाडे घ्यावे याची मर्यादा १९६९ मध्ये उत्पन्नाच्या २५ टक्के ठरली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्क्यांवर नेण्यात आली. पुढे हा आकडा मूळ संदर्भ सोडून जगभर फिरला आणि जणू निसर्गनियमच असल्यासारखा सांगितला जाऊ लागला. त्यात प्रवासाचा विचार कुठेही नाही. शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेने नेमकी ही उणीव हेरून घर आणि प्रवास यांचा खर्च एकत्र मोजण्याची पद्धत रूढ केली आणि दोन्ही मिळून उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत असावेत, असा निकष सुचवला. तुम्हीही दोन्ही पर्यायांपुढे तिकिटाचा किंवा इंधनाचा खर्च लिहून काढा, आणि उशीर झाला म्हणून महिन्यातून तीन-चार वेळा टॅक्सी करावी लागेल तीही धरा. कडेच्या घराची स्वस्ताई तेवढ्यानेच बरीच उतरते.

आता वेळेचा हिशेब करू. महिन्याचे कामाचे दिवस २२ धरले तर कडेच्या घरातून रोज अडीच तास, म्हणजे महिन्याला ५५ तास वाटेत जातील. जवळच्या खोलीतून रोज चाळीस मिनिटे, म्हणजे महिन्याला साधारण १५ तास. फरक ४० तासांचा आहे. म्हणजे दर महिन्याला पूर्ण वेळ कामाचा एक जादा आठवडा, तोही बिनपगारी. तुमचे महिन्याचे कामाचे तास १७६ होतात. त्या दराने या ४० तासांचे मोल पगाराच्या सुमारे २३ टक्के भरते. अर्थात वाचलेला प्रत्येक तास काही विकता येत नाही, म्हणून वाहतुकीचे अर्थशास्त्र मांडणारे खाजगी प्रवासाच्या तासाची किंमत उत्पन्नाच्या दराच्या निम्मी धरतात. तशी धरली तरी ती साडेअकरा टक्के होते. दोन्ही भाड्यांतला फरक १३ टक्के आहे. तेव्हा प्रवासखर्चात पगाराचा दीड टक्का जरी वाचला, तरी दोन्ही पर्याय समान पातळीवर येतात.

इथवर नुसता आकड्यांचा हिशेब झाला. प्रत्यक्षात लांबचा प्रवास त्याहून जड जातो, आणि माणसे त्याचा अंदाज बांधण्यात हटकून चुकतात. अलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या स्वित्झर्लंडमधील अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या पाहणीतून असे दाखवले की, ज्यांचा रोजचा प्रवास लांबचा, ते आपल्या आयुष्याविषयी कमी समाधानी असतात, आणि स्वस्त भाडे किंवा चांगला पगार यांतून ही तूट भरून निघत नाही. याचे एक कारण असे सांगता येईल की मोठ्या दिवाणखान्याची सवय पंधरा दिवसांत होऊन जाते, तो पुढे दिसेनासा होतो. तुंबलेली वाहतूक मात्र रोज नव्याने तुंबते, तिची सवय होत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांना दिवसभरातला कोणता वेळ कसा वाटला ते विचारले, तेव्हा सकाळी कामाला जाण्याचा वेळ यादीच्या अगदी तळाशी आला होता.

सव्वा तास हा आकडा कुठून आला, तेही तपासून पाहा. तो घर दाखवणाऱ्या एजंटाने सांगितला असेल तर तो बहुधा रविवारच्या रिकाम्या रस्त्याचा असतो. दारातून निघून कामाच्या खुर्चीत बसेपर्यंतचा वेळ मोजला पाहिजे, म्हणजे थांब्यापर्यंत चालणे, वाहनाची वाट पाहणे, गाडी बदलणे, जिने, प्रवेशद्वारावरची रांग, सगळे त्यात आले. दर वीस मिनिटांनी सुटणारी बस असेल तर न पाहता थांब्यावर गेलेल्या माणसाला सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते, आणि दोन बसगाड्या एकामागोमाग आल्या की पुढच्या खेपेला त्याहूनही अधिक. सरासरीपेक्षाही महत्त्वाचा असतो तो चढउतार. एखादा प्रवास कधी पन्नास मिनिटांत आणि कधी नव्वद मिनिटांत होत असेल, तर वेळेवर पोहोचू इच्छिणाऱ्याला रोजच नव्वद मिनिटे आधी निघावे लागते. म्हणून पंचेचाळीस मिनिटांचा एकाच गाडीचा, वेळ पाळणारा प्रवास हा चाळीस मिनिटांच्या पण दोन गाड्या बदलाव्या लागणाऱ्या प्रवासापेक्षा बरा, असे आमचे मत आहे.

आमचा कौल म्हणून जवळच्या खोलीला आहे, मात्र एका अटीवर. उरलेल्या ६२ टक्क्यांत शिक्षणकर्जाचा हप्ता, घरी पाठवायची रक्कम, रोजचा खर्च आणि थोडीफार शिल्लक हे सारे बसले पाहिजे. बसत नसेल तर ओढाताण करून एकटीने राहण्यात अर्थ नाही. त्याच परिसरात दोघी-तिघींनी मिळून घेतलेल्या घरातली एक खोली पाहावी. पत्रात तुम्ही दोनच टोके लिहिली आहेत, पण मधला पट्टाही असतो, आणि एकाच गाडीने पस्तीस-चाळीस मिनिटांत पोहोचता येईल अशी तिसरी जागा शोधणे नेहमीच श्रेयस्कर ठरते. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये असे मांडले होते की निरनिराळ्या काळांत आणि शहरांत माणसाचा रोजचा एकूण प्रवास तासाभराच्या आसपासच राहत आला आहे. जाऊन-येऊन तास-सव्वा तास ही मर्यादा मनाशी धरायला हरकत नाही.

अगदी कार्यालयाला खेटून राहण्याचा मोह मात्र टाळावा. कॅलिफोर्नियातील नोकरदारांना आदर्श प्रवास किती मिनिटांचा असावा, असे विचारणाऱ्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी उत्तर शून्य आले नव्हते, एका बाजूचे १६ मिनिटे असे आले होते. काम आणि घर यांच्यामध्ये थोडे अंतर माणसाला हवेच असते. शिवाय निव्वळ कार्यालयांचे भाग रात्री आठनंतर आणि सुटीच्या दिवशी ओस पडतात. दुखणे आले तर औषधाचे दुकानही उघडे सापडत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती भाड्याइतकीच महत्त्वाची आहे. शहर कळायच्या आत केलेली निवड चुकण्याचा संभव मोठा असतो, म्हणून ती मोडता येईल अशी असू द्या. करार शक्य तितक्या कमी मुदतीचा करा. मुदतीआधी घर सोडल्यास किती दिवसांची नोटीस द्यावी लागेल, अनामत रकमेतून काय काय कापले जाईल आणि ती किती दिवसांत परत मिळेल, हे तोंडी न ठेवता करारात लिहून घ्या. जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि ती भाड्याने देण्याचा अधिकार समोरच्या व्यक्तीला आहे याची खातरजमा केल्याशिवाय, ‘आणखी दोघे मागे लागले आहेत’ असे कोणी कितीही सांगितले तरी, पैसे देऊ नका.

प्रश्न : जागा पाहण्यासाठी मला केवळ शनिवार-रविवार मोकळा मिळणार आहे. दोन दिवसांत एखादा भाग राहण्याजोगा आहे की नाही हे कसे ओळखावे? नेमके काय पाहावे?

उत्तर : दोन दिवस कमी आहेत, पण नीट वापरले तर पुरतात. जमल्यास शनिवार-रविवारऐवजी रविवार-सोमवार मागून घ्या. सुटीच्या दिवशी प्रत्येक वस्ती आपला चांगला चेहरा दाखवते. तुम्हाला राहायचे आहे ते मुख्यतः सोमवार ते शुक्रवार. सोमवारी सकाळी ज्या वेळी कामावर निघावे लागेल, त्याच वेळी त्या घराच्या दारातून निघून कार्यालयाच्या दारापर्यंत जाऊन पाहा. ते अजिबात शक्य नसेल तर फोनवरील नकाशात कामाच्या दिवसाची निघण्याची वेळ घालून लागणारा अंदाजे वेळ पाहता येतो. तो तीन-चार निरनिराळ्या वेळांसाठी काढून त्यांतला सर्वांत मोठा आकडा खरा माना.

आधी घर आणि मग परिसर असा उलटा क्रम बहुतेक जण लावतात. तुम्ही आधी परिसर पायी फिरा. ठरलेल्या घराभोवती पाच मिनिटांच्या चालीत, म्हणजे साधारण ४०० मीटरांत काय काय आहे ते पाहा. नगररचनाकार क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये आदर्श वस्तीची आखणी मांडली तेव्हा त्यांनी जवळपास हेच अंतर धरले होते, आणि दमून परतलेला माणूस आजही त्यापलीकडे सहसा पायी जात नाही. किराणा, औषधे, दवाखाना, बस किंवा रेल्वेचा थांबा, आणि एखादी बसण्याजोगी मोकळी जागा एवढे त्या टापूत असेल तर आठवड्याच्या कितीतरी फेऱ्या वाचतात. एजंटाचे ‘पाच मिनिटांवर’ हे स्वतः चालून पाहावे. पाच मिनिटांत चढ किती आणि ओलांडायचे रस्ते किती, हे तो सांगत नाही.

इमारतीत शिरल्यावर घाईने घराकडे न जाता जिन्यापाशी लावलेला सूचनाफलक वाचा. आमच्या मते घराविषयीची सर्वांत खरी माहिती तिथे मिळते, कारण ती तुमच्यासाठी लिहिलेली नसते. ‘पाणी सकाळी अमुक वेळेतच येईल’, ‘लिफ्ट पुढील सूचना मिळेपर्यंत बंद’, ‘दुसऱ्याच्या जागेत वाहन उभे केल्यास दंड’, ‘रात्री दहानंतर गच्चीवर आवाज करू नये’ अशा चार चिठ्ठ्या वाचल्या की तिथली भांडणे कशावरून होतात ते कळते. चिठ्ठी नुकतीच लागली आहे की ऊन खाऊन पिवळी पडली आहे, हेही बघून ठेवावे. एकाच इमारतीत ‘भाड्याने देणे आहे’ असे तीन-चार फलक दिसले तर कारण विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. तळमजल्याच्या बाहेरच्या भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला सरळ आडवी डागाची रेघ असेल तर तिथे कधीतरी पाणी साचले होते असे समजावे. ताजा रंग केवळ तेवढ्याच पट्ट्याला दिलेला असेल तर संशय आणखी घ्यावा.

घरात मोठेपणा पाहण्याआधी नळ पूर्ण सोडून पाहा, शौचालयातले पाणी ओढून पाहा, आणि सर्वांत आतल्या खोलीत जाऊन फोनला रेंज येते का ते पाहा. मग खिडक्या उघडून दोन मिनिटे कोणाशीही न बोलता उभे राहा. आवाजाकडे माणसे दुर्लक्ष करतात आणि नंतर झोपेअभावी हैराण होतात. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २००९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार रात्री घराबाहेरचा सरासरी आवाज ४० डेसिबलच्या आत असावा. डेसिबलचे माप फसवे असते. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. फोनवरील आवाज मोजणारी अॅप्स काटेकोर नसली तरी दोन घरांची तुलना करण्यापुरती चालतात. मोठ्या रहदारीच्या रस्त्यालगतचे घर असेल तर आवाजाबरोबर धूरही आला. वाहनांमधून निघणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण रस्त्यापासून काहीशे मीटरांतच पुष्कळ कमी होते, त्यामुळे हमरस्त्यावरच्या घरापेक्षा दोन गल्ल्या आत असलेले घर त्याच भाड्यात केव्हाही उजवे.

रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास पुन्हा एकदा तिथे जा. दिवसा शांत दिसणारी गल्ली रात्री मालमोटारी उभ्या करण्याची जागा निघू शकते. परतताना एखाद्या दुकानदाराशी किंवा जिन्यात भेटलेल्या रहिवाशाशी बोला, पण ‘इथे कसे वाटते’ असा मोघम प्रश्न विचारू नका. त्याला सगळेच ‘छान आहे’ म्हणतात. ‘गेल्या पावसाळ्यात वीज किती वेळ गेली होती?’, ‘आधीचे भाडेकरू का गेले?’ असे विचारले की माहिती मिळते.

प्रश्न : मी रुग्णालयात परिचारिका आहे. महिन्यातून निम्मे दिवस रात्री अकरानंतर सुटते. सुरक्षित भाग कोणता हे शोधताना इंटरनेटवर गुन्ह्यांचे नकाशे आणि लोकांची मते पाहिली, पण त्यांनी गोंधळ वाढला. एकाच भागाला कोणी उत्तम म्हणते, कोणी धोक्याचा.

उत्तर : गोंधळ साहजिक आहे. गुन्ह्यांचे आकडे सहसा दर लाख रहिवाशांमागे दिले जातात. बाजारपेठेच्या किंवा मोठ्या स्थानकाच्या भागात राहणारे थोडे आणि दिवसभर येणारे-जाणारे लाखो असतात, त्यामुळे तिथले प्रमाण प्रत्यक्षापेक्षा भयंकर दिसते. उलट कडेच्या शांत वसाहतीचा आकडा लहान दिसतो, पण तिथे रात्री थांब्यापासून घरापर्यंत तुम्हाला एकटीनेच चालावे लागते. लोकांच्या मतांत तर ऐकीव गोष्टी आणि तिथे राहणाऱ्यांविषयीचे पूर्वग्रह बेमालूम मिसळलेले असतात. भागाच्या नावाला चिकटलेली कीर्ती, बरी असो वा वाईट, तुमच्या उपयोगाची नाही.

तुमच्यासाठी शहर म्हणजे रुग्णालयाचे दार, घराचे दार आणि मधला रात्री साडेअकराचा रस्ता. त्यातही शेवटचे चारशे मीटर, म्हणजे वाहनातून उतरल्यापासून कुलूप उघडेपर्यंतचे अंतर, बारकाईने पाहा. दिवे लागलेले आहेत का, कोणते बंद पडले आहेत, रस्त्याच्या बाजूला घरांच्या खिडक्या आहेत की लांबलचक कुंपणाची भिंत, त्या वेळी एखादे दुकान किंवा औषधालय उघडे असते का, हे ज्या वेळी सुटाल त्याच वेळी कोणाला सोबत घेऊन पाहा. ज्या रस्त्यावर लोकांची नजर असते तो रस्ता, अरुंद आणि जुनाट असला तरी, रुंद पण निर्मनुष्य रस्त्यापेक्षा चांगला. रात्री दहानंतर बसगाड्यांच्या फेऱ्या किती उरतात आणि शेवटची किती वाजता सुटते, हे वेळापत्रकातून नक्की करा, कारण दिवसा दर दहा मिनिटांनी असणारी गाडी रात्री तासाभराची होते. रुग्णालय घरपोच वाहन देत असेल तर ते गल्लीच्या तोंडाशी सोडते की दारात, हेही आधी विचारावे. आणि तिथेच रात्रपाळी करणाऱ्या जुन्या सहकारी कुठे राहतात याची चौकशी करा. तुमचा हा प्रश्न त्यांनी कधीच सोडवलेला असेल.

प्रश्न : नव्या शहरात आमच्या गावाकडच्या मुलांचा एक गट एकाच भागात राहतो. ते मला तिथेच बोलावत आहेत. दुसरीकडे मोठे भाऊ म्हणतात की त्यांच्यात राहिलास तर शहर कधी कळणारच नाही. मी स्वभावाने बुजरा आहे. काय करावे?

उत्तर : तुमच्या भावांचे म्हणणे खरे आहे, पण पहिल्याच महिन्यापासून ते लागू करण्याची आवश्यकता नाही. ताप आला तर दार ठोठावता येईल असे कोणीतरी जवळ असणे, ही बुजऱ्या माणसासाठी छोटी गोष्ट नाही. काही महिने गटाच्या जवळपास राहा. त्यांच्याच खोलीत राहिले पाहिजे असे नाही.

मैत्रीच्या बाबतीत मात्र अंतराचा प्रभाव आपण समजतो त्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थी-वसाहतीचा अभ्यास करून १९५० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेजारच्याच दारात राहणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांनी एकमेकांना निकटचे मित्र म्हणून सांगितले होते. त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांवर उतरले होते. स्वभाव तेच, शिक्षण तेच, फरक काही पावलांचा. जिन्यापाशी आणि टपालपेट्यांपाशी राहणाऱ्यांच्या ओळखी अधिक होत्या, कारण त्यांच्या दारावरून सगळ्यांची ये-जा होई. मैत्रीला वेळही लागतो. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांच्या २०१८ मधील अभ्यासानुसार ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत व्हायला सुमारे ५० तास आणि जिवलग मैत्रीत व्हायला २०० हून अधिक तासांचा सहवास लागतो. दर वेळी तासभर प्रवास करून भेटावे लागणाऱ्या माणसासोबत इतके तास जमत नाहीत. रोज सहज दिसणाऱ्यासोबत ते न कळत जमतात.

याचा अर्थ तुमच्यासारख्याने सार्वजनिक जागा असलेली वस्ती निवडावी. वाचनालय, मैदान, व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, कोणत्याही छंदाचा वर्ग, जिथे ठरावीक वारी ठरावीक वेळी तीच माणसे येतात अशी एक जागा चालत जाण्याच्या अंतरावर असली पाहिजे. बुजऱ्या माणसाला बोलायला सुरुवात करणे अवघड जाते. पाचव्या-सहाव्या भेटीत समोरचाच सुरुवात करतो. गावाकडचा गट रविवारी आहेच.

प्रश्न : आम्ही दोघे नवविवाहित असून दोघांनाही नव्या शहरात नोकरी मिळाली आहे. पण कार्यालये शहराच्या दोन विरुद्ध टोकांना आहेत. बरोबर मध्यावर घर घ्यावे असे आम्ही ठरवत आहोत. हे योग्य आहे का?

उत्तर : न्याय्य आहे, शहाणपणाचे असेलच असे नाही. नकाशावरचा मध्य आणि वेळेचा मध्य हे क्वचितच एका जागी असतात, म्हणून पहिली दुरुस्ती ही की किलोमीटर सोडून मिनिटे मोजा. मध्यावर राहून दोघांनाही पन्नास-पन्नास मिनिटे लागत असतील तर एकूण शंभर होतात. आणखी कुठे राहून एकाला वीस आणि दुसऱ्याला साठ लागत असतील तर ऐंशीच. वीस मिनिटे वाचली खरी, पण ती एकाच्या अंगावर पडलेल्या चाळीस मिनिटांच्या फरकावर. हे चालेल का, हे मोकळेपणाने बोलून ठरवा. ठरवताना काही गोष्टी तराजूत घाला: दोघांपैकी रोज कोणाला जावे लागते आणि घरून काम कोणाला करता येते, वेळेची सक्ती कोणाला आहे, रात्री उशीर कोणाला होतो, आणि कोणाची नोकरी दोन वर्षांत बदलण्याचा संभव जास्त आहे. आठवड्यातून दोनच दिवस जावे लागणाऱ्याने साठ मिनिटे सोसली तर आठवड्याचे चार तास होतात. रोज जाणाऱ्याचे पन्नास मिनिटांचे आठ तासांहून अधिक.

आमचा कल मध्याऐवजी दोन मार्ग एकत्र येतात अशा स्थानकाच्या परिसराकडे राहील. तिथून दोघांनाही गाडी न बदलता निघता येते, एक मार्ग बंद पडला तर दुसरा असतो, आणि उद्या दोघांपैकी कोणाचे कार्यालय तिसऱ्याच टोकाला गेले तरी घर हलवावे लागत नाही. अशा भागात भाडे चढे आणि गर्दी जास्त असते, हे मान्य. स्थानकापासून दहा-बारा मिनिटे चालण्याच्या अंतरावर गेलात तर दोन्ही बरीच उतरतात.

प्रश्न : एका नव्या भागात चार वर्षांत मेट्रो येणार आहे आणि किमती दुप्पट होतील असे सगळे सांगतात. आताच तिथे भाड्याने राहायला जावे का?

उत्तर : किमती वाढल्या तर फायदा घरमालकाचा, तुमच्या वाट्याला पुढच्या करारात वाढीव भाडे येईल. तोवर चार वर्षे खोदलेले रस्ते, धूळ आणि वळवलेली वाहतूक भाडेकरूने सोसायची, आणि अशी कामे ठरल्या वेळी पुरी होतीलच असेही नाही. खरेदी करणाऱ्याचा विचार वेगळा असू शकतो. भाडेकरूने आज धावणाऱ्या गाडीजवळ राहावे. मेट्रो सुरू झाल्यावर सामान बांधून तिकडे जायला तुम्हाला कोणी अडवणार नाही.